दोन बदामी

शनिवार, रात्र.

हॉल रंगवायचाय, म्हणून भिंतीवर चार दिवस रंगांच्या नमुन्याचे दोन पुठ्ठे चिकटवलेत. डावीकडे 'अ‍ॅक्सेसिबल बेज', उजवीकडे 'किलिम बेज'. दोन्ही शेरविन-विल्यम्स या अमेरिकन रंगकंपनीचे, क्रमांक ७०३६ आणि ६१०६. आईने चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, दोन्ही बदामीच की." पुण्यात रंगारी यायचा तेव्हा बदामी, मोतिया, पिस्ता. बदामी म्हटलं की विषय संपला.

आकड्यांत आईचंच खरं. भिंत किती उजेड परत फेकते ते सांगणारा एलआरव्ही, ० ते १०० च्या पट्टीवर, एकाचा ५८, दुसऱ्याचा ५७. पहिल्या दिवशी मी थेट भिंतीवरच एकेक हात मारला होता आणि दोन्ही सारखेच मळके दिसले. दोष जुन्या लिंबोणी भिंतीचा! मग पांढऱ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात दिले, कडेला बोटभर पांढरं सोडलं. त्या पांढऱ्याशेजारी चोरी पकडली गेली. किलिममध्ये गुलाबी-केशरी झाक आहे, अ‍ॅक्सेसिबलमध्ये राखाडी.

आमचा हॉल उत्तरेचा. न्यू जर्सीत नोव्हेंबरमध्ये या खिडकीतून ऊन येतच नाही, नुसता निळसर उजेड. त्यात सकाळी अ‍ॅक्सेसिबल ओल्या सिमेंटसारखा. किलिम मात्र भाजलेल्या कणकेसारखा उबदार. वाटलं, ठरलं! संध्याकाळी २७०० केल्विनचे पिवळे दिवे लावले, तर तोच किलिम जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा, खाली मधाळ ओकची जमीन, म्हणजे आणखीच तांबूस. आणि सकाळचं सिमेंट? ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा.

नवरा म्हणाला, आपण घरी असतो संध्याकाळी, मग संध्याकाळचा घे. हिशोब चोख. मी दुकानात जायला निघालेच होते.

पण आज सकाळी चहा घेऊन हॉलमध्ये आले तर आईची खुर्ची फिरलेली. रोज खिडकीकडे तोंड असतं, आज उजव्या पुठ्ठ्याकडे. मांडीवर भोपळ्याच्या बिया, सोलायच्या. विचारलं तर म्हणाली, "कुठे काय, पाठीला वारा लागतो तिथे."

दिवसभर या खोलीत तीच तर असते, मार्चपर्यंत.

दुकानातून रंगाचा गॅलन आणलाच नाही. ३५०० केल्विनचे, म्हणजे कमी पिवळे, चार दिवे आणलेत. उद्या संध्याकाळी त्यांच्याखाली किलिम बघायचा.