जे-१ चा, म्हणजे अमेरिकेत ट्रेनिंगला जायच्या व्हिसाचा, इंटरव्ह्यू झाला एकदाचा!

बोटांचे ठसे नि फोटो आदल्या दिवशीच वेगळ्या सेंटरला देऊन झालेले, मुक्काम मावशीकडे, आणि काल सकाळी बाबा नि मी मुंबईत बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटसमोर. मोबाईल आत चालत नाही, तो बाबांकडे दिला.

मी हॉटेलच्या बेकरीत ट्रेनी म्हणून चाललेय, हॉटेल लाइनला जास्तीत जास्त १२ महिनेच मिळतात. डीएस-२०१९ (स्पॉन्सर संस्थेने दिलेला जे-१ चा फॉर्म), ट्रेनिंग प्लॅन, सेव्हिसच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी विद्यार्थी-ट्रेनींच्या नोंदणीच्या, २२० डॉलरची पावती (ही व्हिसा फीपेक्षा वेगळी भरायची बरं का, खूप जण विसरतात) सगळं फाईलीत क्रमाने लावलेलं, पण काचेपलीकडच्या मॅडमनी फक्त पासपोर्ट नि डीएस-२०१९ मागितला आणि विचारलं, तिकडे नेमकं काय शिकणार? प्लॅन वाचून गेले होते म्हणून सावरडो (नैसर्गिकरीत्या आंबवलेल्या पिठाचा ब्रेड), लॅमिनेशन (पिठात लोण्याचे थर घालणं), शिफ्ट सगळं धडाधड सांगता आलं, परत येऊन कोल्हापुरात बेकरी काढायचीय तेही सांगितलं, ते खरंच आहे. खरंच सांगते, तो प्लॅन नीट वाचून जा.

बाहेर आले तर हातात पासपोर्ट नाही बघून बाबांचा चेहराच उतरला. म्हटलं, अहो बाबा, अप्रूव्ह झाला, शिक्क्यासाठी ठेवून घेतलाय!