लस दिली होती, मग मेनिंजायटिस झाला कसा?

परळच्या आमच्या लॅबच्या खिडकीशी रिपोर्ट घ्यायला आलेले आईबाप हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेंदूच्या आवरणाला येणारी ही सूज एकाच जंतूमुळे येत नाही. महापालिकेच्या दवाखान्यात बाळाला मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लशीत हिब नावाच्या जंतूवरची लस असते आणि पीसीव्ही ही लस असते न्यूमोकोकस या दुसऱ्या जंतूवर. एकट्या न्यूमोकोकसचेच शंभरावर प्रकार आहेत; लशीत त्यातले सर्वांत उपद्रवी तेवढे घेतात. मेनिंगोकोकस या तिसऱ्या जंतूची लस तर बाळांच्या सरकारी वेळापत्रकात नाहीच.

या मेनिंगोकोकसचं मला अजूनही नवल वाटतं. स्लाइडवर पाहावं तर पुवाच्या पेशींमध्ये गुलाबी, घेवड्याच्या दाण्यांसारख्या जोड्या. सगळ्या एकसारख्या! बाहेरच्या कवचावरून मात्र त्यांचे ए, बी, सी असे गट पाडतात. पण घशात शेजारी राहणाऱ्या जंतूंचा डीएनए हा सरळ उचलतो आणि आपल्यात जोडून घेतो. त्यात कवचाची जनुकं आली, की त्याचा गटच बदलतो. सी गटातल्या जंतूचा वंशज बी गटाचं कवच घालून फिरू शकतो. म्हणून नुसतं कवच पाहून घराणं कळत नाही. काही ठरावीक जनुकं वाचून ते ओळखायची पद्धत 1998 मध्ये आली, तीही याच जंतूसाठी पहिल्यांदा.

2000 च्या हजमध्ये या वेगवेगळ्या गटांचा फटका बसला. बऱ्याच यात्रेकरूंनी ए आणि सी गटांची लस घेतली होती. साथ आली डब्ल्यू गटाची, आणि परतणाऱ्यांबरोबर ती कितीतरी देशांत गेली. मुंबईहून हजला निघणाऱ्यांना आज ए, सी, डब्ल्यू, वाय अशी चार गटांची लस घ्यावी लागते ती यामुळेच.

तेव्हा लस फुकट गेली असं कृपा करून म्हणू नका. हिबची लस जिथे नेमाने दिली गेली, तिथे हिबचा मेनिंजायटिस जवळजवळ दिसेनासा झाला.

एक मात्र कळकळीने सांगते. डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं, तर माणूस पांगळा होतो या भीतीने नकार देऊ नका. नेमका कोणता जंतू, कोणतं औषध लागू पडेल, हे त्या थोड्याशा पाण्यातून कळतं. नळी पुष्कळदा नातेवाइकांच्याच हाती देतात. ती फ्रिजमध्ये ठेवू नका, वाटेत कुठे थांबू नका, थेट लॅबमध्ये आणा. गारठ्याने हे जंतू मरतात, आणि मग कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, काहीच उगवत नाही.