तिची फुली

आज दिवसभर इंग्लंडमधल्या प्रेस्टनच्या लँकशायर अर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, बसले होते. सासूबाईंच्या एका खापरपणजीचा माग काढत. कापडगिरणीतली बाई, घरात तिचा फोटो नाही, पत्र नाही.

1841 च्या जनगणनेत वय 20, 1851 मध्ये एकदम 34! वाटलं, ही दुसरीच कुणी. मग कळलं की 1841 ला पंधरावरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती. चोवीसची वीस झाली. 1851 मध्ये जन्माचं गावही लिहिलेलं, त्यामुळे तिची पॅरिश, म्हणजे चर्चचा विभाग, सापडली. 1813 पासून बाप्तिस्म्याच्या छापील रजिस्टरात बापाच्या धंद्याचा रकाना असतो. तिचा बाप हातमागावर विणायचा. ती पॉवरलूमवर. एका पिढीत घरातला माग गिरणीत गेला, ते दोन शब्दांत समोर होतं.

आणि लग्नाची नोंद. सही नाही, फक्त एक वाकडी फुली. नाव पाद्र्याने लिहिलंय, पण ती फुली तिच्या हातची आहे. रजिस्टरची मायक्रोफिल्म पुढे सरकवायला माझा हात होईना. माझी आजी रेशनच्या दुकानात अंगठा उठवायची, तो निळा अंगठा आठवत राहिला.

संध्याकाळी सासूबाईंना प्रिंट दिली. त्यांनी फुलीवरून हळूच बोट फिरवलं.