फुली दाबल्यावरही प्रोग्रॅम चालू, पण कुणासाठी?

माझं मत सुरुवातीलाच सांगते. कोपऱ्यातली फुली दाबून प्रोग्रॅमची शेवटची विंडो बंद केली की प्रोग्रॅमही पूर्ण बंद झाला पाहिजे, आणि त्याला मागे थांबायचंच असेल तर मी सांगितलेलं एखादं काम अजून बाकी आहे एवढ्याच कारणासाठी थांबावं. कंपनीला सोयीचं आहे म्हणून नाही. आमच्या ऑफिसमध्ये काही मॅकवाले, काही विंडोजवाले, चहाला हा विषय निघाला की गाडी येऊन थांबते "तुला सवय नाही म्हणून तुला तसं वाटतं" ह्या वाक्यावर, आणि मग सगळे आपापल्या जागेवर. पण हे सगळं सवयीवर सोडून देणं मला पटत नाही.

विंडो बंद केली तरी प्रोग्रॅम चालूच राहावा ही मॅकवाल्यांची बाजू मला खरंच पटते, मॅकपुरती. मॅकवर मेन्यू विंडोला चिकटलेला नसतो, तो स्क्रीनच्या अगदी वरच्या पट्टीत असतो, १९८४ च्या पहिल्या मॅकिंतॉशपासून तसंच आहे, आणि तो मेन्यू प्रोग्रॅमचा असतो. म्हणजे सगळ्या विंडो बंद केल्या तरी प्रोग्रॅमचं नाव वर दिसतंय, फाइल मेन्यू तिथेच आहे, नवीन डॉक्युमेंट उघडा आणि लिहायला लागा. त्यात त्या पहिल्या मशीनला मेमरी १२८ केबी, हार्ड डिस्क नाहीच, प्रोग्रॅम ४०० केबीच्या फ्लॉपीवरून लोड व्हायचा, आणि मॅकराइटमध्ये, म्हणजे त्यावरच्या लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, एका वेळी एकच डॉक्युमेंट उघडायचं, तेव्हा एक पत्र बंद करून दुसरं उघडताना दरवेळी अख्खा प्रोग्रॅम बंद होऊन परत लोड झाला असता तर लोकांनी ते मशीन वापरलंच नसतं. म्हणून तिथे विंडोसाठी कमांड-डब्ल्यू आणि प्रोग्रॅमसाठी कमांड-क्यू, दोन वेगळ्या गोष्टी, दोन्ही हाताशी. आणि मॅकसुद्धा सगळीकडे हा नियम लावत नाही हे मॅकवाले सांगायचं विसरतात, कॅल्क्युलेटर किंवा सिस्टिम सेटिंग्जची विंडो बंद करा, प्रोग्रॅम पण जातो, कारण त्या एका विंडोशिवाय तिथे करण्यासारखं काही नसतंच.

विंडोजवर मेन्यू विंडोच्या आत. विंडो गेली की मेन्यू गेला, पकडायला काही उरत नाही, त्यामुळे तिथे फुली म्हणजे प्रोग्रॅम बंद हेच लोकांच्या डोक्यात बसलं आणि ते बरोबरच बसलं. एमएस-सीआयटीच्या क्लासला ज्यांनी जुनं एक्सेल शिकलंय त्यांना आठवत असेल, वर्कबुक पूर्ण मोठं केलं की उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक दोन फुल्या दिसायच्या, खालची दाबली की फक्त वर्कबुक बंद, वरची दाबली की एक्सेलच बंद. एक्सेल २०१० पर्यंत हे असंच होतं, २०१३ पासून प्रत्येक वर्कबुकला स्वतःची विंडो मिळाली आणि ती खालची फुली गेली. नवीन माणूस सुरुवातीला गोंधळायचा हे खरं, पण मला ती दोन फुल्यांची पद्धत आजही आवडते, कारण फरक डोळ्यांसमोर होता. काय बंद करायचं ते मी ठरवत होते आणि माझं बोट तसं जात होतं.

आता थोडं आतलं. फुली दाबणं हा हुकूम नसतो, ती विनंती असते. विंडोज त्या प्रोग्रॅमला एक मेसेज पाठवतं की बाबा, हिला तुझी विंडो बंद करायची आहे, पुढे काय करायचं ते प्रोग्रॅमच्या हातात, लिनक्सवर एक्स-इलेव्हन ह्या विंडो दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेत पण विंडो सांभाळणारा प्रोग्रॅम, म्हणजे विंडो मॅनेजर, असंच विचारतो. ही सोय चांगल्या कारणासाठी आहे, नाहीतर "सेव्ह करायचं का?" हा प्रश्न आलाच नसता आणि दिवसभराचं टायपिंग एका क्लिकमध्ये गेलं असतं. पण त्याच फटीतून बाकीचे प्रोग्रॅम आत शिरले, फुली दाबली की नुसती विंडो लपवायची आणि घड्याळाशेजारी त्या बाणाच्या आत जाऊन बसायचं.

आणि हे चुकून होत नाही हं. क्यूटी आणि इलेक्ट्रॉन ही प्रोग्रॅम बनवायची तयार टूल्स आहेत. क्यूटीमध्ये प्रोग्रॅम लिहिला तर शेवटची विंडो बंद झाल्यावर प्रोग्रॅम बंद व्हायचा हेच डिफॉल्ट आहे. इलेक्ट्रॉनच्या सुरुवातीच्या धड्यात तर कोडच दिलेलं असतं, सगळ्या विंडो बंद झाल्या आणि ही मॅक नसेल तर क्विट कर, म्हणजे जिथे जी रीत तिथे ती पाळायची एवढा विचार त्या ओळीत केलेला आहे. म्हणजे असल्या टूलवर बनवलेला प्रोग्रॅम विंडोजवर फुली दाबूनही मागे चालू राहिला तर कुणीतरी बसून तसं ठरवलंय, तसं कोड लिहिलंय. म्हणून मला विचारावंसं वाटतं, कुणासाठी?

टॉरेंट अर्धं उतरलंय, मी लिस्ट समोर नको म्हणून विंडो बंद केली, डाउनलोड चालू राहिलं, ठीक. गाणी चालू आहेत, मला गाणं ऐकायचंय, प्लेयरचं तोंड बघायचं नाहीये, ठीक. ड्राइव्हवर फोटो चढतायत, त्याला मध्येच तोडू नको, ठीक. हे सगळं मी सुरू केलेलं काम आहे आणि ते संपलं की प्रोग्रॅमने निमूट जावं. पण पुढच्या वेळी आमचा प्रोग्रॅम पटकन उघडावा म्हणून मेमरी अडवून बसणं, मी ऑनलाइन आहे असं माझ्या वतीने जगाला दाखवत राहणं, ऑफर्सच्या नोटिफिकेशन टाकणं, ही कामं मी कुणाला सांगितली होती? १६ जीबी रॅमवाल्याला ह्याचं काही वाटणार नाही. पण आपल्याकडे कितीतरी घरांत अजून ४ जीबीचा लॅपटॉप आहे, त्यावर मुलांचा अभ्यासही होतो आणि लाइटबिलही भरलं जातं, नेट म्हणजे फोनचं हॉटस्पॉट, दिवसाचा दीड जीबीचा पॅक, आणि बंद केलेले चार-पाच प्रोग्रॅम मागे बसून त्याच पॅकमधून आपापले अपडेट ओढतायत, आणि ज्याचा लॅपटॉप आहे तो म्हणतो मशीन जुनं झालं आता नवीन घ्यावं लागेल. मला ह्याचा खरंच राग येतो.

दुसरी जागा म्हणजे झेरॉक्सचं दुकान. फॉर्म भरायला, प्रिंट काढायला आलेला माणूस दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडतो, फोनने कोड स्कॅन करतो, फाइल काढतो, फुली दाबतो, पैसे देऊन निघून जातो. त्याच्या मते विषय संपला. लॉगआउट ही वेगळी गोष्ट आहे हे मला मान्य, प्रोग्रॅम पूर्ण बंद केला तरी लॉगिन राहतंच, आणि ते दुकानदाराने प्रत्येकाला सांगायला हवं. पण असा प्रोग्रॅम मागे चालू राहिला तर पुढच्या गिऱ्हाइकासमोर ह्याच्या घरचे मेसेज कोपऱ्यात उगवायला लागतात. ज्या माणसाने फुली दाबली त्याने आपल्या बाजूने सगळं केलं होतं, त्याला अजून काय माहीत असायला हवं होतं? घड्याळाशेजारच्या बाणावर क्लिक करायचं, मग त्या छोट्या चित्रावर राइट क्लिक करायचं, मग क्विट? हे कुठल्या क्लासला शिकवतात?

यावर लोक म्हणतात की ऑपरेटिंग सिस्टिमनेच बघावं, माणसाने कशाला डोकं लावायचं, मोबाइलवर बघा, ॲप चालू आहे की बंद याचा कोण विचार करतं. ॲपलने डेस्कटॉपवर हे करून बघितलंय, २०११ च्या लायन ह्या मॅकच्या सिस्टिममध्ये, विंडो नसलेला आणि वापरात नसलेला प्रोग्रॅम सिस्टिम स्वतःच गुपचूप बंद करू शकते, आणि डॉकमधल्या, म्हणजे स्क्रीनच्या कडेच्या प्रोग्रॅमच्या पट्टीतल्या, आयकॉनखालचा चालू असल्याचा दिवा पण बंद करायची सोय दिली. मला हे अर्धंच आवडतं. मेमरी मोकळी झाली हे छान, पण काय चालू आहे आणि काय नाही ते कळेनासं झालं तर कॉम्प्युटर माझा कसा? त्यापेक्षा ग्नोमने, म्हणजे लिनक्सच्या एका डेस्कटॉपने, २०२३ मध्ये, ४४ नंबरच्या व्हर्जनला, केलं ते मला जास्त पटतं, वरच्या कोपऱ्यातल्या मेन्यूत बॅकग्राउंड ॲप्सची यादी येते, विंडो नसताना कोण कोण चालू आहे ते सरळ दिसतं आणि तिथूनच बंद करता येतं. फ्लॅटपॅक ह्या लिनक्सवरच्या पद्धतीने इन्स्टॉल केलेल्या ॲप्सपुरतंच आहे ते, पण दिशा बरोबर आहे, कारण इथे प्रोग्रॅमच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहावं लागत नाही, सिस्टिमच सांगते.

चॅटचे प्रोग्रॅम मात्र मधल्यामध्ये अडकतात. ऑफिसच्या वेळेत मला विंडो नको पण मेसेज हवेत, रात्री दोन्ही नको, आणि हे माझ्या मनातलं प्रोग्रॅमला कळणार कसं? तर विचारायचं. टीम्समध्ये, स्पॉटिफायमध्ये, क्रोममध्ये बंद केल्यावर चालू राहायचं की नाही याचं सेटिंग आहे, पण ते आहे हे माहीत असलेला माणूसच ते शोधायला जाणार. केडीई ह्या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पहिल्यांदा फुली दाबली की सूचनेचा एक डबा यायचा, की विंडो बंद केली तरी प्रोग्रॅम सिस्टिम ट्रेमध्ये, म्हणजे घड्याळाशेजारच्या त्या जागेत, चालू राहील, पूर्ण बंद करायचा तर फाइल मेन्यूतून क्विट करा, आणि सोबत तुमच्याच स्क्रीनच्या त्या कोपऱ्याचा फोटो, ट्रेमधल्या आयकॉनभोवती गोल काढलेला. किती नीट सांगितलंय! त्यात एकच गोष्ट कमी होती, ते सांगायचे, विचारायचे नाहीत. त्याच डब्यात "चालू राहू दे" आणि "पूर्ण बंद कर" अशी दोन बटणं टाका, उत्तर लक्षात ठेवा, आणि काहीच न निवडता कुणी तो डबा पण फुलीने बंद केला तर ते उत्तर "पूर्ण बंद कर" असंच धरा.