क्रिएटिनिन नॉर्मल होतं

इंदुरात लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, तिलक नगर या भागांत घरी जाऊन रक्त घ्यायचं काम बहुधा माझ्याकडेच येतं. मराठी बोलणारा मुलगा आला की म्हातारी माणसं कुरकुर न करता हात पुढे करतात, म्हणून लॅबनं ते मला चिकटवलंय. त्या दिवशी सकाळी साडेसातला लोकमान्य नगरात ७८ वर्षांच्या एका आजींकडे गेलो. जेवण जात नाही, मळमळतं, उभं राहिलं की गळून जायला होतं. चिठ्ठीवर हिमोग्राम, साखर, थायरॉइड, सोडियम-पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा.

दंडाला पट्टा बांधला तर त्याचे दोन वेढे बसले. आत हाड, वर सैल कातडी, मधे काहीच नाही. शीर दिसत होती, पण बोटाखालून सटकायची. शेवटी हाताच्या मागच्या बाजूनं बटरफ्लाय सुईनं रक्त काढलं. मनगट धरलं तेव्हा नाडी फार सावकाश लागली. नाडी बघणं माझं काम नव्हे, पण दिवसभर लोकांचे हात धरणाऱ्याला वेगळं काही असलं की जाणवतं.

"काल म्हणाल्या, भातात हळद का घातलीस," सूनबाई मला दाराशी हळूच सांगत होत्या. "साधा पांढरा भात होता हो दादा. आता डोकंही चालेनासं झालंय."

"पिवळाच होता," आतून आवाज आला. "कान शाबूत आहेत माझे."

लॅबमध्ये क्रिएटिनिन आलं ०.९. आमच्या रिपोर्टवर बायकांची मर्यादा ०.६ ते १.१ छापलेली असते, म्हणजे अगदी मधोमध. शेजारी कॉम्प्युटरनं काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, ६५. पोटॅशियम ३.३, जरा कमी. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर गेला आणि आजींच्या मुलाचं लगेच उत्तर आलं, "चला, किडनी तरी ठीक आहे."

मी हळदीची गोष्ट आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना गंमत म्हणून सांगितली. त्या हसल्या नाहीत. "गोळ्या कुठल्या चालू आहेत? आणि वजन विचार."

फोन लावला. सूनबाईंनी डब्यातली एकेक पट्टी वाचून दाखवली. ब्लडप्रेशरची गोळी, लघवीची लॅसिक्स आणि हृदयाची डिगॉक्सिन ०.२५, आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. कित्येक वर्षं तोच डोस, कधी चुकवलेला नाही. वजनकाटा शेजारून आणला. ३८ किलो. गोळी सुरू झाली तेव्हा ५५च्या आसपास होत्या म्हणे.

मॅडमनी रिपोर्टच्याच पाठीवर आकडेमोड केली. क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून. स्नायूच झिजले तर ते मुळात कमी तयार होतं. मग किडनीनं कमी बाहेर टाकलं तरी रक्तातला आकडा शहाण्यासारखा वागतो. ईजीएफआरच्या सूत्रात वय, लिंग आणि क्रिएटिनिन एवढंच जातं, दंड केवढा आहे हे त्याला कोण सांगणार? १९७६चं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र मात्र वजन विचारतं. त्यानं उत्तर आलं ३१. एकाच बाईची किडनी, एका कागदावर ६५ आणि पाठीमागे ३१. मॅडम म्हणाल्या, हे सूत्र किडकिडीत माणसांना जरा जास्तच कमी दाखवतं, पण डिगॉक्सिन मुख्यतः किडनीवाटेच बाहेर पडतं. ते साठलं की भूक जाते, मळमळ होते, नाडी मंदावते आणि काहींना जग पिवळं दिसतं. पोटॅशियम कमी असलं तर त्याचा त्रास आणखी वाढतो, आणि ते लॅसिक्सनं कमी केलेलंच होतं.

त्यांनी आजींच्या डॉक्टरांना फोन केला. मी फ्रिजमधून सकाळचं उरलेलं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतं ते पाणी, काढलं. नशीब असं की आजी गोळी नऊ वाजता, चहानंतर घेतात, आणि रक्त मी त्याआधी घेतलं होतं. डिगॉक्सिनची पातळी गोळीनंतर निदान सहा तासांनी बघावी लागते. त्याआधीचा आकडा फसवा, उगाच जास्त येतो. संध्याकाळी मोठ्या लॅबमधून उत्तर आलं: २.८. हृदयाच्या कमजोरीत हा आकडा १च्या खाली ठेवायचा असतो, २च्या वर बहुतेक विषबाधाच धरतात. तोवर त्यांना दवाखान्यात भरती केलं होतं. गोळी बंद, मॉनिटर लावलेला, पोटॅशियम बेताबेतानं.

उरल्यासुरल्या सिरममधून सिस्टॅटिन सी करायला पाठवलं, किडनीचंच काम दाखवणारी दुसरी तपासणी. हे प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळे स्नायू कमी-जास्त असण्याचा त्याला फारसा फरक पडत नाही. थायरॉइड, स्टेरॉइड, अंगातली सूज, जाडी यांनी ते हलतं. आजींचं थायरॉइड ठीक होतं, स्टेरॉइड नव्हतं. आलं १.६, म्हणजे ईजीएफआर ३६. क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन दोन्ही एकत्र घेणाऱ्या २०२१च्या सूत्रानं ४९. ६५ वर्षांपुढच्या ४,६०० हून अधिक लोकांचा एक अमेरिकन अभ्यास २००५ साली आला होता. त्यात मृत्यू आणि हृदयविकाराचा धोका क्रिएटिनिनपेक्षा सिस्टॅटिननं जास्त नीट ओळखला होता. हे मला मॅडमकडूनच कळलं.

आजी आठवड्याभरात घरी आल्या, डिगॉक्सिन कायमचं सुटलं. पण एका दिवसाच्या आकड्यावरून जुनाट किडनीविकार म्हणत नाहीत, तीन महिने थांबावं लागतं. तीन महिन्यांनी पुन्हा गेलो, या वेळी लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय का बघायला डबीसुद्धा घेऊन. "एवढंसं रक्त उरलंय, तेही तूच ने," असं ऐकावं लागलं. सिस्टॅटिन जवळपास तेवढंच, अल्ब्युमिन ३०च्या वर, म्हणजे जास्तच. आता त्यांची कुठलीही नवी गोळी किडनी बघूनच ठरते.

सिस्टॅटिनची तपासणी महाग आहे, म्हणून मॅडम ऊठसूट कुणाला सुचवत नाहीत. सुचवतात ती स्नायू कमी असलेल्यांना: झिजलेली, अंथरुणाला खिळलेली माणसं, पाय कापलेले मधुमेही. आणि उलट्या टोकाला जिमवाली पोरं! गेल्या महिन्यात क्रिएटिन पावडर खाणाऱ्या एकाचं क्रिएटिनिन १.४ आलं नि त्याच्या आईनं रडून लॅब डोक्यावर घेतली. त्याचं सिस्टॅटिन अगदी नॉर्मल.

आमच्या फॉर्मवर आता वजनाचा रकाना आहे. बाकीची मुलं तो "अंदाजे ६०" लिहून भरतात, आणि मॅडम फॉर्म परत पाठवतात.