जुना प्लेस्टेशन व्हीआर घ्यावा का? तुम्ही विचारलंत म्हणून

बडोद्यातल्या मराठी घरांतून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: घरी पीएस४ (सोनीचं टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र) आहे, सोनीचा पहिला व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून खेळाच्या आत शिरल्यासारखं वाटायला लावणारा प्लेस्टेशन व्हीआर, जुन्या बाजारात स्वस्तात मिळतोय, घ्यावा का? हो, घ्यावा, पण तीन गोष्टी जुळल्या तरच. पीएस४ चालू स्थितीत हवा, हेडसेटबरोबरचं सामान पूर्ण हवं, आणि फक्त याच हेडसेटवर मिळणारा निदान एक खेळ मनापासून खेळायचा हवा. ‘व्हीआर म्हणजे काय ते एकदा बघू’ एवढ्यासाठी घेतलात तर पंधरा दिवसांत तो माळ्यावर जाईल.

खेळांपासून सुरुवात करते, कारण खरेदीचं कारण तिथेच आहे. ‘अ‍ॅस्ट्रो बॉट रेस्क्यू मिशन’ २०१८ साली आला आणि तो या हेडसेटशिवाय कुठेच खेळता येत नाही. पीएस४ बरोबरच्या साध्या ड्युअलशॉक कंट्रोलरवर, खुर्चीत बसून खेळायचा. छोटा रोबो तुमच्या पायाशी पळतो, तुम्ही वाकून भिंतीआड डोकावता, मान मागे वळवून लपलेला सोबती शोधता. डोकं हलवणं हाच खेळाचा भाग करणारी इतकी नेटकी रचना त्या काळात दुसरी नव्हती, आणि माझ्या मते निव्वळ या एका खेळासाठी हेडसेट घेणं पटण्यासारखं आहे. दुसरा ‘रेसिडेंट ईव्हिल ७’, २०१७ चा: सुरुवातीपासून शेवटापर्यंत अख्खा व्हीआरमध्ये, पण काळीज घट्ट असेल तरच. ‘वाइपआउट ओमेगा कलेक्शन’ आणि ‘ब्लड अँड ट्रूथ’ हेही खास. ‘बीट सेबर’साठी मात्र हा हेडसेट घेऊ नका. तो नव्या हेडसेटांवर जास्त चांगला चालतो, आणि इथे त्यासाठी दोन मूव्ह कंट्रोलर (हातात धरायच्या, टोकाला दिव्याचा गोळा असलेल्या कांड्या) वेगळे लागतात.

‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’ बघून घ्यायचा विचार असेल तर थांबा. त्यातला व्हीआर भाग म्हणजे एका संगणकी गाडीशी शर्यत, एवढाच. आणि त्याची ऑनलाइन सेवा जानेवारी २०२४ मध्ये बंद झाली. ‘ड्राइव्हक्लब व्हीआर’ तर २०१९ मध्येच ऑनलाइन दुकानातून काढला गेला. म्हणून डिस्कवर मिळतील ते खेळ डिस्कवरच घ्या.

आता यंत्र. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते बाजारात आलं. आत ५.७ इंचांचा एक ओलेड पडदा, १९२० बाय १०८० चा, म्हणजे एका डोळ्याच्या वाट्याला ९६० बाय १०८०. आजच्या मानाने हे कमीच. पण प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तिन्ही उपठिपके पूर्ण असल्यामुळे ठिपक्यांमधली जाळी आकड्यावरून वाटते तितकी डोळ्यांत खुपत नाही. काळा रंग खरा काळा दिसतो. बारीक अक्षरं मात्र पुसट दिसतात, लांबच्या वस्तू विरघळतात. त्यामुळे भरपूर वाचायला लावणारे खेळ इथे त्रासाचे. पीएस४ प्रो असेल तर काही खेळांत चित्र थोडं निवळतं.

अस्पष्ट दिसतं अशी तक्रार फार येते, पण बऱ्याचदा दोष पडद्याचा नसून हेडसेट बसवण्याचा असतो. मागचा पट्टा डोक्याच्या माथ्यावर बसवला की भिंगं डोळ्यांच्या वर-खाली सरकतात. आधी पुढचा भाग पूर्ण बाहेर ओढा. मागचा पट्टा डोक्याच्या मागे, मान सुरू होते त्याच्या थोडा वर, खालीच बसू द्या. मग मागची चकती फिरवून आवळा. शेवटी पुढच्या भागाखालचं बटण दाबून भिंगं चेहऱ्याजवळ आणा. चष्मा चालतो, पण काच भिंगाला टेकू देऊ नका, दोन्हीवर ओरखडे येतात. डोळ्यांतलं अंतर भिंगं सरकवून जुळवायची सोय यात नाही. पीएस४ च्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याने चेहऱ्याचा फोटो काढून ते मोजता येतं. घरातल्या प्रत्येकाचं एकदा मोजा.

विकत घेताना लोक हेडसेट उलटसुलट करून बघतात आणि बाकीच्या सामानाकडे दुर्लक्ष करतात. नुकसान तिथेच होतं. हेडसेट, त्याची प्रोसेसर युनिट नावाची छोटी डबी, तिचा १२ व्होल्टचा अडॅप्टर, दोन एचडीएमआय केबली, एक यूएसबी केबल आणि पीएस४ चा कॅमेरा: एवढं मिळून एक संच. कॅमेरा बऱ्याचदा वेगळा विकला जायचा, त्यामुळे तो हमखास गायब असतो. आणि मूव्ह कंट्रोलरबरोबर कधीकधी पीएस३ चा यूएसबी कॅमेरा ‘हाच तो’ म्हणून दिला जातो. तो चालत नाही. पीएस४ च्या कॅमेऱ्याची पिन वेगळी असते आणि ती मागच्या खास खोबणीतच बसते.

दुसरी फसगत मॉडेलची. पहिल्या हेडसेटवर सीयूएच-झेडव्हीआर१ लिहिलेलं असतं, २०१७ च्या अखेरीस आलेल्या सुधारित हेडसेटवर झेडव्हीआर२. एकाचा हेडसेट दुसऱ्याच्या डबीला चालत नाही. दोन ठिकाणांहून अर्धं-अर्धं सामान जमवण्याचा बेत असेल तर दोन्हींवरचे क्रमांक आधी फोटोत मागवा. निवड करता येत असेल तर झेडव्हीआर२ घ्या. त्यात केबल सडपातळ आहे, हेडफोनची खोबण हेडसेटवरच आहे, आणि डबीतून एचडीआर (उजेड-अंधाराच्या जास्त छटा दाखवणारं) चित्र टीव्हीकडे जाऊ शकतं. झेडव्हीआर१ च्या डबीतून ते जात नाही. एचडीआर टीव्ही असेल तर एरवी खेळताना दर वेळी केबल काढून थेट जोडावी लागते.

विकणाऱ्याच्या घरी हेडसेट चालू करून बघण्याचा आग्रह धरा. मागच्या पट्ट्यावरच्या दोन धरून एकूण नऊ निळे दिवे लागतात, नऊही मोजा. भिंगांवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारा, ओरखडे लगेच दिसतात. मग पांढरं दृश्य लावा आणि एकेक डोळा मिटून बघा: कायम तिथेच राहणारा डाग किंवा रेघ दिसली तर तो हेडसेट नको. तो बहुधा उन्हाचा मार असतो. भिंगांवर सूर्य पडला की ती किरणं एकवटून आतला पडदा जाळतात, आणि याला काही मिनिटंही पुरतात. जळालेला पडदा सुधारत नाही. शेवटी हेडसेट घालून केबल हळूहळू हलवा, विशेषतः झेडव्हीआर१ वर आवाज कमी-जास्त करायचा जो मणी आहे त्याच्या दोन्ही बाजूंना. चित्र लुकलुकलं तर तार आतून तुटत आलेली आहे.

बडोद्यात आणखी एक तपासणी हवीच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कितीतरी घरांत शिरलं, आणि भिजून वाळवलेलं सामानही बाजारात फिरत असू शकतं. डबीच्या यूएसबी आणि एचडीएमआय खोबणीत टॉर्च मारा. पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड, स्क्रूच्या खाचेत गाळ किंवा गंज, फोमला कोंदट वास: यातलं काहीही दिसलं तर आज चालू असलेलं यंत्रही सोडून द्या.

मूव्ह कंट्रोलर तपासताना आधी त्यांचं वय समजून घ्या. जुने मिनी यूएसबीवर चार्ज होतात आणि २०१० पासूनचे असू शकतात. नंतरचे मायक्रो यूएसबीवर. आत ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी असते आणि वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली की ती मरते. पूर्ण चार्ज करून अर्धा तास दिवा पेटता ठेवा. टिकला नाही तर बॅटरी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर ती बदलू शकतो, पण कनेक्टर जुळलं पाहिजे. फुगलेली बॅटरी असेल तर चार्जिंगला लावूच नका.

किंमत? केबल नसलेल्या, स्वतःच चालणाऱ्या नव्या हेडसेटच्या एक-तृतीयांशाच्या वर जाऊ नका, आणि तेही कॅमेऱ्यासकट पूर्ण संचाला.

खोलीचा प्रश्न मला हेडसेटपेक्षा मोठा वाटतो. कॅमेरा त्या निळ्या दिव्यांकडे बघून तुमचं डोकं कुठे आहे ते ओळखतो. म्हणजे खोलीत दुसरं काहीही चमकलं की तो गोंधळतो: आरसा, शोकेसची काच, देवांच्या तसबिरी, स्टीलचं कपाट, आणि आपल्या बडोद्याच्या हॉलमधला झोपाळा. त्याच्या पितळी कड्या उजेड परतवतात, आणि खेळायची जागा नेमकी तोच अडवतो. कड्या काढून ठेवता येत असतील तर उत्तम. नाहीतर झोपाळा मागे बांधून त्यावर चादर टाका. गणपतीत किंवा दिवाळीत निळ्या एलईडीच्या माळा लागलेल्या असतील तर चित्र थरथरतं, खेळातले हात भलतीकडे उडतात. ती रोषणाई बंद करून खेळा. ट्यूबलाइट थेट कॅमेऱ्यासमोर नको. मंद, सारखा उजेड सगळ्यात बरा.

कॅमेऱ्यापासून दीड ते दोन मीटरवर बसा, आणि कॅमेरा साधारण बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. भिंतीवर उंच लावलेल्या टीव्हीच्या माथ्यावर तो नको. मग पीएस४ च्या सेटिंगमधून ट्रॅकिंगचे दिवे, म्हणजे कॅमेरा ज्यांच्याकडे बघतो ते, जुळवून घ्या. उभं राहून खेळणार असाल तर आधी मूव्ह हातात धरून, हात पूर्ण वर करून बंद पंख्याखाली उभं राहून बघा. दांडिया बाजारातल्या जुन्या घरात माळा खाली असेल तर पंखाही खालीच येतो. टेबलफॅन बाजूला लावणं जास्त सुरक्षित.

तो टेबलफॅन मळमळीवरही कामाला येतो. डोळे सांगतात आपण चालतोय, कानाच्या आतला तोल सांगतो आपण बसलोय. या भांडणातून घेरी येते. एका ठरलेल्या दिशेने वारा लागत राहिला की शरीराला खरी दिशा कळते. पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटांवर थांबा. कपाळाला घाम फुटला, तोंडाला पाणी सुटलं की लगेच हेडसेट काढा. ‘सवय होईल’ म्हणून रेटू नका. तसं केलं की शरीर त्या हेडसेटचाच धसका घेतं आणि पुढे नुसता तो घातला तरी कसंतरी होतं. जेवून लगेच खेळू नका. वळताना टप्प्याटप्प्याने वळण्याची सोय खेळात असेल तर ती चालू ठेवा. दृश्य आपोआप एका बाजूला सरकायला लागलं तर ऑप्शन्सचं बटण दाबून धरा, ते मध्यावर येतं. तरीही सरकत राहिलं तर हेडसेट बंद करून सपाट टेबलावर ठेवा, तिथेच चालू करा आणि थोडा वेळ हात लावू नका.

एसी लावलेल्या खोलीत भिंगांवर वाफ धरते, कारण भिंग थंड आणि चेहरा गरम. हेडसेट दहा मिनिटं आधी चालू करून ठेवा, तो स्वतःच कोमट होतो. भिंगं कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा. सॅनिटायझर लावून भिंगांची वाट लावलेली उदाहरणं कमी नाहीत.

पीएस५ असणाऱ्यांना माझा सल्ला वेगळा आहे. हा हेडसेट पीएस५ वर चालतो, पण पीएस४ चाच कॅमेरा आणि त्यासाठीचा सोनीचा खास अडॅप्टर लागतो. पीएस५ चा एचडी कॅमेरा चालत नाही. तो अडॅप्टर हातात आल्याशिवाय हेडसेटला पैसे देऊ नका. खेळही पीएस४ च्या आवृत्तीतच लावा. ‘रेसिडेंट ईव्हिल ७’ च्या पीएस५ आवृत्तीत व्हीआर नाहीच. ड्युअलशॉक ४ जवळ ठेवा, कारण कॅमेरा त्याच्या प्रकाशपट्टीकडे बघतो. २०२३ चा पीएस व्हीआर२ खूप पुढचा आहे, एका डोळ्याला २००० बाय २०४०, बाहेरचा कॅमेरा नको, एकच केबल. पण जुन्या हेडसेटचे खेळ त्यावर चालत नाहीत. ‘अ‍ॅस्ट्रो बॉट रेस्क्यू मिशन’साठी परत मागेच यावं लागतं.

बारा वर्षांखालच्या मुलांसाठी विचारत असाल तर नको. सोनीनेच ती मर्यादा घातलेली आहे.

कधीकधी त्याहूनही जुन्या निन्टेन्डोच्या १९९५ च्या व्हर्च्युअल बॉयबद्दल विचारणा होते. तो डोक्यावर बांधायचा नसून टेबलावर ठेवून आत डोकवायचा. सगळं चित्र लाल आणि काळं, ३८४ बाय २२४. सहा पेन्सिल सेलांवर चालतो. पडद्याकडे जाणाऱ्या पट्टीचा गोंद वर्षांनुवर्षांत सुटतो आणि चित्रात आडव्या रेघा गायब होतात. पट्टी नीट सोल्डर करणं हाच टिकाऊ उपाय. जपान किंवा अमेरिकेतला त्याचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टला लावू नका. संग्रहासाठी घ्यायचा असेल तर घ्या, खेळण्यासाठी नको.

आणि घेतलातच पीएस व्हीआर, तर पश्चिमेच्या खिडकीपासून लांब ठेवा, भिंगं खाली नाहीतर भिंतीकडे करून. पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, आणि मूव्ह कंट्रोलर दर दोन-तीन महिन्यांनी अर्धे तरी चार्ज करा.