ऑपेरातला लयीचा धनी

संगीत नाटकाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या कोल्हापूरकराला ऑपेरा फारसा परका वाटू नये. गाणारा नट, रंगमंचापुढे बसलेले ऑर्गनवादक आणि तबलजी, पदाला मिळणारा वन्समोअर, हे सारे शाहू महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या आणि २०२४ च्या आगीत होरपळलेल्या आमच्या केशवराव भोसले नाट्यगृहाने भरभरून पाहिले आहे. मात्र हातांच्या खुणांनी लय दाखवणारा वाद्यवृंदाचा संचालक (कंडक्टर) आपल्या नाटकात कधी नव्हता आणि त्याची उणीवही कोणाला भासली नाही. नटाने तान लांबवली, की ऑर्गनवादक तिच्या मागोमाग जाई आणि तबलजी समेवर गाठ घेई. साथीदार मोजके आणि जवळ असले, की कानावर भागते.

ऑपेरात ते भागत नाही. रंगमंचापुढच्या पिटमध्ये साठ-सत्तर वादक, वर मुख्य गायक, त्यांच्या मागे कोरस, शिवाय काही प्रवेशांत पडद्याआडून येणारे गाणे. वीस मीटर अंतर कापायला ध्वनीला सुमारे सहा शतांश सेकंद लागतात. त्यामुळे मागच्या कोरसने पिटमधले वादन ऐकून स्वर लावला, तर प्रेक्षकांना तो उशिरा आलेलाच ऐकू येतो. म्हणून गायकांना कानापेक्षा डोळ्यांवर अधिक विसंबावे लागते, आणि पडद्यामागे असणाऱ्यांसाठी संचालकाचे हात दाखवणारे मॉनिटर लावलेले असतात. अवघड भाग पुढेच आहे: ज्याच्याकडे सगळे पाहत असतात, त्याला स्वतःला गायिकेच्या श्वासाकडे पाहावे लागते.

हे कसब बहुधा नाट्यगृहातच अंगी बाणते. जर्मन भाषक देशांत पियानोवर गायकांच्या तालमी घेत वर चढण्याची जुनी वहिवाट आहे. ऑस्ट्रियाचे नामांकित संचालक हर्बर्ट फॉन करायान यांनीही १९२९ मध्ये उल्मच्या लहानशा नाट्यगृहातून सुरुवात केली. इटालियन संचालक तोस्कानिनी यांची कथा त्याहून विलक्षण आहे: १८८६ मध्ये रिओ द जानेरोत प्रेक्षकांनी संचालकाला हुसकावून लावल्यावर चेलो वाजवणारा हा एकोणीस वर्षांचा मुलगा पुढे झाला आणि त्याने वेर्दीचा संपूर्ण ऑपेरा ‘आयदा’ पाठांतरावर पार पाडला.

झुबिन मेहता मात्र सिम्फनीच्या, म्हणजे मैफलीत केवळ वाद्यवृंदाने वाजवायच्या संगीताच्या वाटेने आले. १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेला, व्हायोलिनवादक मेहली मेहतांचा हा मुलगा वैद्यकीय शिक्षणाचा नाद सोडून १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेला आणि हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकला. १९५८ मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकल्यावर माँट्रियल आणि १९६२ पासून लॉस एंजेलिस असे दोन वाद्यवृंद त्यांनी ऐन पंचविशीत सांभाळले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांचा प्रवेश झाला तो १९६५ मध्ये, तोही ‘आयदा’नेच. १९७८ ते १९९१ या न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या काळावर बरेच लिहिले जाते. मला स्वतःला ते पिटमध्येच अधिक भावतात.

पुरावा म्हणून मी पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’चे १९७२ चे ध्वनिमुद्रण पुढे करीन. त्यात सदरलँड, पावारोत्ती, काबाये असे तिघे जबरदस्त गायक आहेत, आणि तरीही कोठे गर्दी झाल्यासारखे वाटत नाही. त्यातल्या ‘नेस्सुन दोर्मा’ या नायकाच्या गाण्यात स्त्रियांचा कोरस दुरून येतो, तेव्हा वाद्यवृंद इतका हलका होतो की ते अंतर आपल्याला ऐकू येते, आणि शेवटचा वरचा स्वर, जो स्वरलिपीत अगदी छोटा असून परंपरेने ताणला जातो, तो पावारोत्ती धरून ठेवतात तेव्हा मेहता थांबतात, पण ओघ सैल पडू देत नाहीत. कोल्हापूरच्या देवल क्लबच्या मैफलींवर कान पोसलेल्या श्रोत्याला या थांबण्यातली लय चटकन कळावी. हेच ‘तुरांदोत’ त्यांनी १९९८ मध्ये बीजिंगच्या निषिद्ध नगरीत, उघड्या आकाशाखाली सादर केले, आणि त्याच वर्षी म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ऑपेराची सूत्रे हाती घेऊन २००६ पर्यंत सांभाळली.